चिकटवलेली सतरा पानं

प्रिय रूथ,

आज दुपारी मी तुझ्या त्या पुस्तकाची शेवटची सतरा पानं सोडवायला बसले होते. एकही धड सुटलं नाही. तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि आज पहिल्यांदा वाटलं की हे तुला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग? पुस्तक तुझं होतं आणि पानं मी चिकटवली होती.

पातेल्यात पाणी उकळून वाफ दिली. ओला फडका ठेवून पाहिला. सुरीची बोथट बाजू हलक्या हाताने आत सरकवली, तर कागदच मधून सोलून निघाला. एका पानाची अक्षरं दुसऱ्या पानावर उलटी जाऊन बसलीत. मग लहानपणी आपण करायचो तसं उजेडाला धरून पाहिलं. सगळी अक्षरं एकमेकांवर चढलेली. एक वाक्य लागेल तर शपथ.

पप्पांची खळ कशी सुटायची गं! ते कामाला होते त्या सायझिंगच्या कारखान्यात, मागावर चढवण्याआधी सुताला लावायची ती खळ, ते डब्यात घालून घरी आणायचे. चर्चच्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट त्यांच्याकडे होतं. प्रत्येक पुस्तक आधी ते स्वतः वाचायचे, मग मंडळीला द्यायचे. विश्वासाला बाधक वाटलेलं पान शेजारच्या पानाला खळीने चिकटवून टाकायचे आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. खूण झाली की पुस्तक वाचायला मोकळं. आणि पावसाळा आला की खळ ओलसर होऊन पानं आपोआप सुटायची. तू तेवढ्यासाठी पावसाळ्याची वाट पाहायचीस. पप्पांना हे कळत नसेल? मला आता वाटतं, कळत होतं.

सिनेमाचंही तेच. "प्रभू शेजारच्या खुर्चीत येऊन बसला तर शेवटपर्यंत बघवेल का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी मान खाली घालायचे. तू दहा वर्षांची असशील, म्हणालीस, "पप्पा, प्रभू लग्नाला गेला होता, तिथला द्राक्षारस संपला तर त्याने आणखी करून दिला. तो सिनेमातून उठून जाईल होय?" आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. पप्पा हसले नाहीत, पण त्या आठवड्यात तुला सिनेमाला घेऊन गेले. मला नाही नेलं, कारण मी विचारलंच नव्हतं. त्याचा राग मला कितीतरी वर्षं पुरला.

पप्पा गेल्यावर कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मी खळ सोडून बाजारातला पांढरा गोंद आणला. घट्ट बसतो, कायमचा. मला त्याचा अभिमान होता, रूथ.

तुझं ते पुस्तक कपाटातलं नव्हतं. राहनाळच्या गोदामात तू पॅकिंगला होतीस, तिथे फाटक्या मालात आलेलं. वरचं कव्हर नाही, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही माहीत नाही. सुपरवायझर म्हणाला होता, "ले जाओ मॅडम, ये तो रद्दी है." तू ते उशाशी ठेवलंस आणि मग डायलिसिस सुरू झाल्यावर पिशवीत. ठाण्याला जाताना-येताना वाचायचीस. कशेळीला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली की मी घड्याळ बघत चडफडायचे आणि तू खुशीत पान उलटायचीस. आपला खारबावचा रिक्षावाला दादा मागे वळून म्हणायचा, "वाचा ताई, वाचा. आता अर्धा तास काय हलनार न्हाय."

गोष्ट तूच सांगितली होतीस मला तुकड्यातुकड्याने. आपल्यासारख्याच ख्रिस्ती घरातली एक शिक्षिका. तिचं मूल तापाने जातं आणि त्यानंतर तिला प्रार्थना करता येईनाशी होते. चर्चला जाते, गीतं गाते, पण गुडघे टेकले की आत काही हलत नाही. एकदा कशेळीलाच, रिक्षा थांबलेली असताना, तू पुस्तक मांडीवर उपडं ठेवून म्हणालीस, "ताई, मलापण हल्ली प्रार्थना जमत नाही. शब्दच येत नाहीत. ही पुढे काय करते ते बघायचंय मला."

मी काय म्हणाले? "असं बोलू नये." एवढंच म्हणाले. बाहेरचा ट्रक बघत म्हणाले.

त्याच दुपारी घरी तुला डोळा लागल्यावर मी पुस्तक हातात घेतलं. शेवटाकडची पानं चाळताना एका ओळीवर नजर पडली. ती बाई नवऱ्याला सांगते की ऐकणारं कुणी नाहीये. तुझ्या अंगात रक्त नाही, मनात बळ नाही, आणि तू हे वाचणार? पुस्तक हिसकावून घेणं मला निर्दयपणाचं वाटलं. पानं चिकटवणं ही तर आपल्या घरची रीत. मी गोंदाची बाटली आणली आणि त्या ओळीपासून पुढची सगळी पानं, एकेक करून, काठापासून काठापर्यंत चिकटवली. वर पाटा ठेवला. तू उठायच्या आत वाळली.

पप्पा निदान वाचून चिकटवायचे. मी त्या ओळीच्या पुढे एक शब्द वाचला नव्हता.

तुला दुसऱ्या दिवशी कळलं. तू चिडली नाहीस, हेच मला अजून सोसत नाही. पानांच्या त्या जाड गठ्ठ्यावरून अंगठा फिरवत म्हणालीस, "पप्पा येऊन गेले वाटतं."

"त्यात वाचण्यासारखं काही नाही," मी म्हणाले.

"तू वाचलंस?"

"हो."

"मग सांग ना. ती परत प्रार्थना करते का?"

"करते."

"काय म्हणते?"

मी मग रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेते ते स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', तेच ती म्हणते असं सांगून टाकलं. सगळं स्तोत्र, पहिल्या ओळीपासून.

"ती असं नाही म्हणणार, ताई," तू म्हणालीस. "तिला मी दोनशे पानं ओळखते."

आणि पुस्तक पिशवीत ठेवून दिलंस. त्यानंतर अकरा दिवस होतीस तू. परत विचारलं नाहीस. मी उशाशी बसून प्रार्थना करायचे, तू डोळे मिटून ऐकायचीस आणि संपलं की "आमेन" म्हणायचीस. ते आमेन देवासाठी नव्हतं, मला वाईट वाटू नये म्हणून होतं. मला तेव्हाही कळत होतं. तू माझी समजूत काढत होतीस आणि मी काढू देत होते. तुझं तुला सोसवत नसताना!

एक विचारू? तुला हवं होतं तरी काय? कुणीतरी त्या वाटेने आधी गेलंय, एवढंच ना? ती बाई शेवटी देवाकडे परतली की नाही, याने तुला फरक पडला असता असं मला आता वाटत नाही. तिच्या सोबतीने तुला शेवटपर्यंत जायचं होतं. मी तिला सतरा पानं आधीच थांबवलं आणि तुला एकटीला पुढे धाडलं.

आपल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, मन इतकं खाऊ देऊ नका, तुमचा हेतू चांगला होता. होता. सगळंच वाचावं, सगळंच बघावं, असं मी आजही म्हणणार नाही. माणसाने काय आत घ्यावं याची निवड करावीच, पप्पांनी ते शिकवलं आणि ते खोटं नाही. पण मी निवड केली नाही, मी घाबरले. विश्वास तुझा डळमळत होता आणि भीती माझी होती. ती मी तुझ्या पुस्तकाला फासली.

आता माझीच गत तशी झाली आहे. गुडघे टेकते, शब्द येत नाहीत. म्हणून तर आज पानं सोडवायला बसले. तुझ्यासाठी नाही, खरं सांगते, माझ्यासाठी. मलाही बघायचं होतं ती पुढे काय करते. रद्दीच्या दुकानांत विचारलं, तर ते म्हणतात नाव सांगा. नाव कुठून सांगू?

आणखी एक आहे. तुझ्या दफनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, शेवटी काय म्हणाली? मी त्यांना तेच स्तोत्र सांगितलं. शेवटी तू तेच म्हटलंस, असं सांगितलं. त्यांनी ते कबरीपाशी सगळ्यांना सांगितलं आणि बायका रडल्या. आधी त्या बाईच्या तोंडी घातलं, मग तुझ्या. तू तर शेवटी फक्त पाणी मागितलं होतंस.

येत्या रविवारी तुझ्या स्मरणाची उपासना आहे. माझी साक्ष ठेवली आहे, रूथचा विश्वास शेवटपर्यंत कसा अढळ राहिला यावर. सगळे येणार आहेत, गोदामातल्या तुझ्या मैत्रिणीसुद्धा.

मी उभी राहीन. सांगेन की रूथला शेवटी प्रार्थना जमत नव्हती. तिने ते फक्त मला सांगितलं होतं आणि मी तिचं पुस्तक बंद करून टाकलं. ती मनात काय म्हणत गेली ते मला माहीत नाही, असं सांगेन आणि खाली बसेन. मंडळीला आवडणार नाही. याने तुला काही परत मिळणार नाही आणि मला हलकं वाटेल असंही नाही. पण यापुढे तुझ्या तोंडी मी माझे शब्द घालणार नाही. एवढा शब्द देते.

तुझीच,
ताई