राजवाड्यात ‘येते’ म्हणू नये

२ डिसेंबर
अत्यंत दुःखाने नोंदवते की राजवाड्यात लसणीच्या चटणीला प्रवेश नाही. इतिहासाला वास लागतो म्हणे. ज्यांचं चीज उघडलं की खिडकी उघडावी लागते, त्यांनी हे सांगावं! असो. नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हीनच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर बसून कंटाळलेल्या बाईला ख्रिसमसच्या सजावटीला घेतलं, हे काय कमी? कामही झकास. राजकन्यांच्या जेवणघरात झाड, मेणबत्त्या आणि टेबलाभोवती मखमली झग्यांतल्या, माणसाएवढ्या, बिनचेहऱ्याच्या कापडी बाहुल्या. चंद्रहासचा टोमणा तयारच: आसावरी, दिवाळीला घरी एक आकाशकंदील लावला नाहीस, आणि तिथे फुकट तोरणं बांधतेस!

५ डिसेंबर
निघताना बाहुल्यांना सवयीने म्हटलं, “येते हं.” देखरेखीच्या मीकेबाईंनी अर्थ विचारला. सांगितलं, आमच्यात ‘जाते’ म्हणणं अशुभ, म्हणून ‘येते’. बाई मुळातच गोऱ्या, त्या आणखी पांढऱ्या पडल्या. या खोलीत परत यायचा शब्द देऊ नये, म्हणाल्या. मी म्हटलं, शब्दाचं एवढं काय? तुम्हाला आमचे बिल्डर ठाऊक नाहीत.

९ डिसेंबर
टेबलाशी एक जादा खुर्ची. रिकामी, बाहेर ओढलेली, कुणी बसावं अशी. मी ठेवली नाही. मीकेबाई म्हणतात, त्यांनीही नाही.

१३ डिसेंबर
आज मुद्दाम काही न बोलता निघाले. दार उघडेना. खूप धडपडले. शेवटी “येते” म्हटलं.
उघडलं.

१६ डिसेंबर
कामाला गेले नाही. सकाळपासून करंगळी बधिर. सुई टोचून पाहिली. रक्त नाही. आत कापूस.

१८ डिसेंबर
मनगटापर्यंत पोचलंय. मीकेबाईंना फोन केला. रडल्या. निळ्या झग्यातली बाहुली म्हणजे त्यांची बहीण — तीही ‘लगेच परत येते’ म्हणून निघाली होती. शब्द दिला की बसावंच लागतं, नाताळच्या आत. मी, नाहीतर शब्द देणारं दुसरं कुणी. खुर्ची भरली की —

२१ डिसेंबर
चंद्रहासला सजावट बघायला नेलं. म्हणाला, तुझ्या मैत्रिणी बघ कशा गप्प बसतात, शीक जरा! निघताना बाहुल्यांना हात जोडले. “येतो बरं का, मंडळी.”
त्याच्या तोंडावर हात ठेवता आला असता. एक हात अजून शिल्लक होता.
बाहेर आल्यावर म्हटलं, अरे, मफलर आत राहिला तुझा. मफलर माझ्या पिशवीत होता. “आलोच,” म्हणाला, गेला.
मी दार हळूच ओढून घेतलं.
बोटांना मुंग्या — मग ऊब. शब्द चुकता झाला.
आतून हाक आली, आसा—