रीनासाठी पाचशे वॅट

२८ मार्च, संध्याकाळ
गिटारच्या ॲम्पचा स्पीकर फाटला. चूक माझी नाही. मुर्री गावाच्या या टोकाला माझं घर, त्या टोकाला रीनाचं, मध्ये अख्खी अडाणी वस्ती. आवाज तिथवर पोचवायचा तर बटण शेवटपर्यंत फिरवावंच लागतं. फिरवायचं नव्हतं तर कंपनीने बटण दिलं कायले? आतला पुठ्ठा टरकन गेला. आई म्हणते, बरं झालं, म्हैस आता तरी पान्हवन. या घरात कलेचा नंबर म्हशीच्या नंतर.

२९ मार्च
संकल्प. चौदा एप्रिलला विहारासमोर भीमगीतांचा कार्यक्रम. रीना गाणार. प्रफुल्ल कीबोर्ड वाजवणार, म्हणजे दोन बोटांनी. मी गिटार. दुसऱ्या कडव्यानंतर माझा सोलो. तो ऐकून रीना वळून पाहील. मग बोलायची गरजच नाही. मे महिन्यात ती नर्सिंगच्या नोकरीला नागपूरला चालली, म्हणजे संधी हीच.
नवा स्पीकर मी स्वतः टाकणार. इलेक्ट्रॉनिक्सची तीन सेमिस्टर केली आहेत. मी कॉलेज सोडलं असं लोक म्हणतात. खरं म्हणजे कॉलेजला मी झेपलो नाही.

३० मार्च
प्रफुल्ल म्हणे, जुन्यावर लिहिला आहे तसाच मागव ना बे, तीस वॅटचा, गिटारवाला. तीस वॅट! तेवढ्याचा तर आमच्या गोठ्यात बल्ब आहे. ज्याची स्वप्नं तीस वॅटची त्याने कीबोर्डच वाजवावा.

१ एप्रिल
गोंदियात खुशाल डीजेवाल्याच्या गोदामात गेलो. खुशालचा डीजे लागला की नवरदेवाची घोडी वरात सोडून पळते, एवढं त्याचं नाव. मोडक्या खोक्यातून त्याने बारा इंची वूफर काढला. पाचशे वॅट. स्पीकर मॅग्नेटवरून पारखतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मॅग्नेटला पाना लावला. सोडवायला दोघं लागलो. पण नुसत्या पान्यावर विश्वास ठेवणारा मी नाही. राइस मिलच्या काट्यावर नेऊन चढवला. बाबा तिथेच काटा सांभाळतात. म्हणे, हे शिजते का रे? हमाल हसले. हसा. तुमच्या गावात अक्कलसुद्धा पोत्यावर मोजतात.
जुन्याच्या कितीतरी पट जड निघाला. निर्णय पक्का.
खुशाल म्हणे, पैसे राहू दे, दोन लग्नात खोके उचलजो. मी साउंड कन्सल्टंट म्हणून जाईन. खोके उचलणं हा कन्सल्टिंगचाच भाग.

४ एप्रिल
पहिलं लग्न. कंबर गेली. सगळे खोके एका रांगेत लावू नका, असा सल्ला दिला. खुशाल म्हणे, बोलून काऊन राहिला बे, उचल ना. कलाकाराशी बोलायची रीत नाही. वरातीत रीना होती. मी खोक्यामागे लपलो असं नाही. खोकाच मोठा होता.

६ एप्रिल
दुसरं लग्न. त्यावर लिहीत नाही.

७ एप्रिल
फिटिंग. जुना स्पीकर चुटकीसरशी निघाला. नवा बसेना. मॅग्नेट आतल्या ट्रान्सफॉर्मरवर आपटतो. ॲम्पचा डबा बनवणाऱ्याला दूरदृष्टी नव्हती. लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून स्पीकर पुढे काढला. डब्याला आता सरपंचासारखं पोट आलं आहे. स्क्रूची भोकं जुळेनात, बाइंडिंग तारेने आवळला. वायरी सोल्डर केल्या. बोट भाजलं, गिटारची तार धरायचं नेमकं तेच.
ॲम्प आणि स्पीकरचं काहीतरी जुळवावं लागतं असं अंधुक आठवतं. तो धडा बुधवारी असायचा. बुधवारी मी बसस्टॉपवर असायचो, रीनासाठी. पुढे कळलं की ती त्या बसने जातच नव्हती.

८ एप्रिल
टेस्ट. आवाज आला. जरा गोधडीतून आल्यासारखा. आणि हळू. घाबरलो नाही. विचार केला. मोठ्या स्पीकरची लाट लांब जाऊन उघडते. जवळच्या माणसाला ती कळतच नाही. खात्री करायला आईला बोअरिंगच्या हापशीपाशी उभं केलं. परत येऊन म्हणे, मले तं काहीच नाही आलं आयकू, बकरी आली तेवढी. म्हणजे लाट बोअरिंगच्याही पुढे गेली! आईला रीनाच्या घरापर्यंत पाठवणार होतो. तिने चपलेकडे पाहिलं. पायात घालायला नव्हे.

११ एप्रिल
विहारात प्रॅक्टिस. गेलो नाही. पाचशे वॅटचं गुपित आधीच फोडायचं कायले? प्रफुल्लचा फोन, ये ना बे, एकदा आवाज तं चेक करून घे. ज्यांना स्वतःवर भरवसा नसतो ते चेक करतात.
रीनाचा ग्रुपवर मेसेज: गिटारवाले येणार आहेत की नाही? ग्रुपमध्ये एवढे लोक, पण विचारलं फक्त माझ्याबद्दल. तेही 'गिटारवाले'. आदरार्थी! स्क्रीनशॉट घेऊन ठेवला.

१४ एप्रिल, दुपार
डबा बाबांच्या सायकलवरून विहारासमोर नेला. कॅरिअर वाकलं. बाबा बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.
साउंड खुशालचा. तो माझ्या ॲम्पसमोर माइक लावायला आला. हाकलला. पाचशे वॅटपुढे माइक म्हणजे सूर्यापुढे आगपेटीची काडी. खुशाल म्हणे, आयकू नाही आलं तं मंग मले नको सांगजो. प्रफुल्लने कीबोर्डची वायर मुकाट त्याच्या मशीनला जोडली. दुबळ्यांना आधार लागतोच.
निळा शर्ट. इस्त्री आईने केली, दोनदा. थोड्या वेळाने निघतो. आज रात्री गावाला कळेल.

१५ एप्रिल, सकाळ
पहिलं कडवं रीनाने टाचा उंचावून म्हटलं. पांढरी साडी. मी वाजवत होतो. दुसरं कडवं संपलं. सोलो सुरू केला. प्रफुल्लही मध्येच काहीतरी वाजवत सुटला, पण मी लक्ष दिलं नाही. डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं. एवढं चांगलं मी कधीच वाजवलेलं नाही. हे खरं आहे.
डोळे उघडले तर रीना वळलेली. माझ्याकडेच पाहत होती. मग चालत आली, सगळ्या लोकांसमोर, थेट माझ्यापाशी. वाकली. कानाशी म्हणाली, रत्नपालभाऊ, हा डबा चालू आहे का?
मी सोलोच्या ऐन मध्यावर होतो.
म्हटलं, नाही.
म्हणे, बरं झालं. माइकचा स्टँड वरतीच अडकला, खाली येऊनच नाही राहिला. हातात घेतला की वायर निसटते.
मी प्लग काढला. तिने आणि प्रफुल्लने डबा ओढत नेला. ती डब्यावर चढली. माइक बरोबर तोंडासमोर आला. पण पोट पुढे आल्यामुळे डबा डुगडुगायला लागला, म्हणून तिने मान वळवून मला खूण केली. उरलेली सगळी गाणी मी खाली बसून डबा धरला.
गायली छान. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.
प्रफुल्लने व्हिडिओ ग्रुपवर टाकला आहे. रीना पूर्ण दिसते. माझे दोन हात दिसतात.