दाखल्याचं संस्थानी तिकीट

रवि., १० जाने. १९८८. डोंबिवली.
आपल्या टपाल-तिकीट मंडळाने सभेतली बिस्किटं बंद केली. तिकिटांवर भुगा पडतो म्हणे. धर्मग्लानी म्हणतात ती हीच. निषेध म्हणून दोनदा चहा घेतला.
मंडळातल्याच नेन्यांकडून घेतलेलं संस्थानी तिकीट कोपरीच्या पाटलांना विकलं. कोरं, न वापरलेलं. मुंबईच्या तज्ज्ञांचा तसा दाखला, दोन्ही एकाच पारदर्शक पाकिटात सीलबंद. मंडळाचा नियम : तिकीट चिमट्यात धरून भिंगाखाली हवं तेवढं पाहा, चिमटा खाली ठेवलात की तक्रार संपली. पाटलांनी चिमटा उचललाच नाही. सील फोडलं तर दाखला बाद! न उचललेला चिमटा खाली ठेवणार कसा? म्हणजे व्यवहार पुरा झाला की...? शास्त्रार्थ करायला हवा.

शनि., १६.
पाटलांनी वागळे इस्टेटला ओढत नेलं. जावयाच्या कारखान्यात जांभळा, अतिनील किरणांचा दिवा आहे, ओतीव लोखंडातल्या भेगा शोधायचा. सहज गंमत म्हणून पाटलांनी पाकीट त्याखाली धरलेलं. अंधारात पाहिलं, तर तिकिटावर पेनाचे दोन तिरपे फराटे! वापरलेलं तिकीट, शाई धुऊन कोरं केलेलं. मी चक्क टाळी वाजवली. मग आठवलं, विकणारा मीच.
पाटील : "शास्त्रीबुवा, टाळ्या काय वाजवताय?"

सोम., १८.
तज्ज्ञांना फोन. "दाखला म्हणजे आमचं मत, हमी नव्हे." शब्दप्रमाण संपलं.
पाटलांना म्हटलं, तिकीट परत द्या, पैसे घ्या. "पैसं राहू द्या. मी दाखला बघून नाय घेतला, तुमच्याकडं बघून घेतला. तिकीट धुतला कोनी, ते सांगा."
हे जास्त महाग पडणार.

बुध., २०.
नेन्यांकडे. वहिनींनी थालीपीठ केलेलं. विषय काढला. नेने : "मी दाखल्यासकट दिलं. तू दाखल्यासकट विकलंस. मध्ये मी कुठे आलो रे?"
बिनतोड. पण फराटे दिसले म्हटल्यावर ते कसे दिसले, कुठे दिसले, काहीच विचारलं नाही. हा माणूस एरवी तिकिटाच्या कडेच्या एका दातऱ्यावर तासभर बोलतो. थालीपीठ अर्धं टाकून उठलो.

शनि., २३.
पाटलांचा निरोप : उद्या नेन्यांकडे घेऊन चला, भांडत नाय, फक्त विचारतो.
नाही म्हणायला कारण सुचलं नाही. दाखला देणारा, विकणारा, घेणारा, जबाबदार कोण, यावर मी चार पानं लिहू शकेन. दोन लिहिलीही, फाडली. तिकीट कसं पाहायचं हे मला नेन्यांनी शिकवलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, अशी मला भीती वाटते आहे. आणि उद्या ते नाही म्हणाले, तर माझा विश्वास बसणार नाही.