वंशवेलीतली रिकामी ओळ

आई,

गेल्या महिन्यात एकादशीला घरात काय काय आलं ते आधी सांगते. रेशनचा मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, आठ किलो, सात रुपये. रॉकेल दोन लिटर, दीड रुपया. देवाच्या दिव्याला तेल पावशेर, सव्वा रुपया. आणि स्कॉटलंडहून एक जाड पाकीट. त्याला तिकिटं कमी लागली होती म्हणून पोस्टमनने वरचे दोन रुपये दहा पैसे मागितले. एवढे पैसे ऐकून मी ते परतच करणार होते, तेवढ्यात मागच्या बाजूला बंगल्यावरच्या साहेबांचं आडनाव दिसलं. मुकाट्याने पैसे दिले. संध्याकाळी हिशेब लिहायला बसले तर ही रक्कम कुठे घालावी ते कळेना, शेवटी पाहुण्यांच्या खर्चात घातली.

पाकिटात घडी घातलेला मोठा कागद होता, जेवणाच्या पानाएवढा उघडला तरी अजून दोन घड्या उरल्या. साहेबांच्या घराण्याची वंशवेल. वरच्या टोकाला मेंढरं राखणारा पहिला पुरुष, मग फांद्या खाली उतरत उतरत थेट आपल्या बंगल्यापर्यंत. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं बारीक अक्षरांत. मी बोट फिरवत खाली आले आणि माझ्या दूधभावाच्या नावापाशी थांबले. त्याच्या नावाखाली दोन तारखा होत्या, आई. दुसरी मृत्यूची. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं, या वेळी आलं नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मी कागद तसाच ठेवला, न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. हे घरी होते. म्हणाले, "आत्ता कसली आंघोळ? पाणी किती आहे घरात ते तरी बघायचं." विहिरी आटल्या आहेत, दोन हंड्यांवर दिवस काढतोय, त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, भाऊ गेला. ते उठून नवा हंडा भरायला गेले. दूधभावाचं सुतक धरतात की नाही ते कुणाला विचारणार? मी तीन दिवस देवाला बाहेरूनच हात जोडले.

त्याची आई बाळंतपणात गेली तेव्हा मी तुझ्या अंगावर होते. बाबा बंगल्याच्या मोसंबीच्या बागेत मुख्य माळी. थोरल्या मडम, म्हणजे त्या पोराची आजी, स्वतः आपल्या खोलीच्या दारात आल्या आणि ते लाल पोर तुझ्या ओटीत घातलं. मला हे सगळं तुझ्याच तोंडून माहीत. तू सांगायचीस, "डावा तुजा, उजवा त्याचा. वाटनी करून दिल्ती, तरी भांडायचाच." मला मात्र आठवतंय ते पुढचं. बंगल्याच्या मागच्या स्वयंपाकघराचा ओटा, चुलीवर पाण्याचा हंडा, आम्ही दोघं चार-पाच वर्षांची, आणि तू त्याला दगडावर बसवून तांब्या ओततेस. थोरल्या मडम रविवारी त्याच्याकडून पिढ्या म्हणून घ्यायच्या, कुणाचा मुलगा कोण ते. त्याला येत नसे. म्हणून तू आंघोळ घालताना त्याच्याकडून घोकून घेतेस, एका तांब्याला एक पुरुष. "मेंढरंवाल्याचा जहाजवाला, जहाजवाल्याचा पाटवाला, पाटवाल्याचा ऊसवाला, आन् ऊसवाल्याचा ह्यो माजा शेंबड्या." शेवटच्या तांब्याला तो खिदळून उभा राहायचा आणि साबण घसरायचा. इंग्रजी नावंही तुला सगळी पाठ होती, तुझ्या उच्चारांत. मी इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर एकदा म्हटलं, आई, तू नावं चुकीची म्हणतेस. तू पीठ मळत होतीस. तशाच हाताने माझ्या पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, "बरूबर म्हनून काय त्येंची पूजा करायचीय? कोन कुनाचा त्ये ठावं असलं म्हंजी झालं." पोलक्यावर पिठाची पाच बोटं तशीच घेऊन मी शाळेत गेले होते.

पाकीट पाठवलंय ते त्याच्या मुलीने. तिने लिहिलंय की वडील कुत्र्यावर आणि नातवंडांवर एकाच भाषेत ओरडायचे, आणि ती कुठली ते घरात कुणाला कळत नसे. शब्द तिने ऐकू आले तसे इंग्रजी अक्षरांत काढलेत. मी मोठ्याने वाचले. "गुमान नीज." आई, तू आम्हाला निजवताना म्हणायचीस तेच. परमुलखात, बर्फात, तुझा आवाज त्या कुत्र्याने इतकी वर्षं ऐकला.

आता कामाचं. ती या वंशवेलीचं पुस्तक छापून घेते आहे. त्याच्या नावाशेजारी तिने एक ओळ रिकामी सोडली आहे, ज्या बाईने त्याला दूध पाजून वाढवलं तिच्यासाठी. घरच्या जुन्या कागदांत तुला सगळीकडे नुसतं 'आया' म्हटलंय, आणि तिला ते तसं छापायचं नाही. तिने विचारलंय, त्या बाईचं नाव काय, म्हणजे जन्माचं नाव, कारण त्यांच्यात बाईची नोंद जन्माच्या नावाने करतात. या महिनाअखेर कागद छापखान्यात जातील. तोवर नाव आलं नाही तर नाइलाजाने 'आया' राहील.

मी त्याच दिवशी पेन घेऊन बसले आणि तशीच बसून राहिले. तुझं सासरचं नाव मला माहीत आहे, रेशनकार्डावर होतं. बंगल्यावर तू आया, मळ्यात माळीणबाई. पण लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी नवं नाव काढलं त्याआधी तू कोण होतीस? दुधाचा, वाण्याचा, देवाच्या वातींचा हिशेब माझ्याकडे आहे, मेंढरंवाल्यापासून पाचही पुरुष मला अजून तोंडपाठ आहेत, आणि हे नाही. सासरचंच नाव लिहून मोकळी होईन असं एकदा वाटलं. मग चिंचेखालची ती कबर आठवली, त्याच्या आईची. दगडावर तिच्या बापाचं आडनाव कोरलेलं होतं. तू थोरल्या मडमना विचारलंस, सासरचं का नाही? त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "आमच्यात लगीन केला तरी बाईचा नाव पुसत नाय." तू फुलं ठेवता ठेवता म्हणालीस, "म्हंजी मेल्यावर तरी म्हायेरी धाडली म्हना." मडम हसल्या, मीही हसले. तू हसली नव्हतीस, हे मला आत्ता, पन्नाशीला टेकल्यावर आठवतंय.

ह्यांनी नाशिकला उपाध्यांना कार्ड टाकलं. ते आपल्या गावांच्या पिढ्यांच्या चोपड्या राखतात. उत्तर आठ दिवसांत आलं, सुवाच्य अक्षरात. तुझ्या वडिलांच्या पानावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे, आजोबांचं आहे, दोन भाऊ होते त्यांची आहेत. खाली लिहिलंय, कन्या एक.

मग मी काष्टीला गेले. आईबाप गेल्यावर तू ज्या मामाकडे वाढलीस, त्या घरात आता एकच जुनं माणूस उरलंय, त्या मामाची सून, माझी मामी. डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. मी चहा घेऊन झाल्यावर विषय काढला. ती एकदम सावरून बसली. "कशापायी पायजे नाव? जमिनीचं काय काडलं का तुमी?" मी म्हटलं, जमिनीचं नाही मामी, साहेबाच्या घरच्या पुस्तकात छापायचंय. "सायेब तर कवाच गेला त्येच्या देशाला. आजून हिची चाकरी सरंना व्हय?" मग आपणच म्हणाली, "मी नांदाया आले तवा तिचं लगीन हून गेल्तं. सासू तिला पोरी म्हनायची. सासरा बी पोरीच. आयबाप पटकीत गेल्याली परकी पोर, नाव घिऊन कोन हाका मारत बसतंय?" तिला दोष देता येत नाही. तिचंही जन्माचं नाव मला माहीत नाही, आणि ते मी तिथे बसूनही विचारलं नाही.

निघताना तिने माझा हात धरला. "पर तुज्या नावाचा तमाशा मला ठावं हाय. बारशाला तुजी आत्या पाळण्यावर वाकली तर तुजी आई, वली बाळंतीन, उटून आडवी आली. म्हनली नाव मी सांगंन त्येच. लई बोलाचाली झाली. आत्यानं वरीसभर तोंड बगितलं न्हाई तिचं." मी विचारलं, आईला ते नाव कुठून सुचलं? "मला काय ठावं बया. आमच्यात त्या नावाचं कुनी न्हवतं. तुज्या बापाकडं बी न्हवतं."

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, रस्त्याच्या कामावरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने चाललेल्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या लग्नातली तू समोर येत होतीस. ह्यांनी अंगठीने तांदळांत माझं नवं नाव काढलं, भटजींनी मोठ्याने वाचलं, बायका हसल्या. तू उठून आत गेलीस. दूध बघायला गेली असेल असं मला वाटलं. त्यानंतरही तू मला जुन्याच नावाने हाक मारायचीस. सासूबाईंना आवडत नसे. एकदा त्यांच्या देखत हाक मारलीस तेव्हा त्या म्हणाल्या, "विहीणबाई, ते नाव आता संपलं." तू म्हणालीस, "तुमच्यापुरतं संपलं असंल." जन्मात उलट बोलली नव्हतीस कुणाला, आणि दोन्ही वेळा बोललीस ती याच एका नावासाठी. तू गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली. त्या नावाने मला हाक मारणारं माणूस उरलं नाही, माझ्या मुलांनासुद्धा ते माहीत नाही.

आज गुरुवार, उपास आहे. पोथी वाचून झाल्यावर देवासमोरच बसून त्या मुलीला उत्तर लिहिलं. शब्दांचा अर्थ लिहिला, तिच्या वडिलांचं खोडकरपण लिहिलं, डावा-उजवा मात्र लिहिलं नाही, लाज वाटली. मग वंशवेलीचा कागद उघडला आणि त्या रिकाम्या ओळीत माझं जन्माचं नाव लिहिलं. तुझं म्हणून. शाईने लिहायला हात धजला नाही, पेन्सिलीने लिहिलंय. ह्यांना दाखवलेलं नाही. देवासमोर बसून माहीत नसलेली गोष्ट लिहिली, याचं पाप किती ते मला मोजता येत नाही.

पाकीट सोमवारी टाकायचं आहे. ते नाव तुझं नसेल तर त्याआधी उलट टपाली कळव. आणि तुझंच असेल, तरी कळव.