थांबायची सोय नव्हती

आदरणीय धम्मरत्नदादा,

दुसरबीडहून धाकट्या इंद्रभानचा मनापासून जयभीम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते आधी कळवा. फोनवर तुम्ही मधेच हसता, म्हणून लिहितो आहे.

मयुरीसाठी तुम्ही सुचवलेल्या स्थळाचे, म्हणजे मुलाचे वडील किसनराव घर पाहायला आले आणि वाटेतूनच मेहकरला परत गेले, हे तुमच्या कानावर आलंच असेल. कारण ब्रेक. आपल्या जुन्या गाडीला मेहबूबभाईंनी नवे पॅड बसवले आणि म्हणाले, “भाऊ, पॅडले डिस्कची वळख होऊ द्या. रिकाम्या रस्त्यानं पळवा, दाबून हळू करा, पुन्हा पळवा. पण तापल्यावर उभी करू नका, डिस्कवर डाग बसते.” दादा, मी थक्क झालो. (थांबणंसुद्धा शिकवावं लागतं! विहारात इतकी वर्षं डोळे मिटून बसतो, मन काही हळू होत नाही. इथं तळहाताएवढी पट्टी अख्खी गाडी आवरते.)

मयुरी आणि मी मेहकर रस्त्याला लागलो. आता आपल्याकडं माणसाजवळ गाडी मंदावली म्हणजे ‘या, बसा’ असंच समजतात. फाट्यावर उतरून एक गृहस्थ पायी येत होते. गाडी हळू झाली, ते पिशवी सावरून धावले, गाडी पळाली. ते किसनराव होते, हे पुढं गेल्यावर उमगलं. माफी मागायला परत फिरलो, तर ब्रेक तापलेले. मी खिडकीतून ओरडलो, “मेहबूबभाईनं थांबू नका सांगितलं!” ते धावता धावता म्हणाले, “कोण मेहबूब? काऊन पळून राह्यले हो?” पुढच्या खेपेला तर त्यांचा हात दाराला लागला होता. मी दोन्ही हात जोडले. गाडी काय अलगद मंदावली दादा, काय सांगू! आणि गेली. मग समोरून आलेल्या एसटीत ते चढले.

तुम्हा सर्वांचं मंगल होवो.

आपला,
इंद्रभान

ता. क. किसनरावांकडे तुम्हीच जा, आणि गाडी मी चालवत होतो असं सांगा. (चालवत मयुरी होती. मुलींनी गाडी चालवलेली त्यांना आवडत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.) खोटं न बोलण्याचं शील मी रोज घेतो, म्हणून हे काम तुम्हाला सांगतो आहे.

पुन्हा ता. क. मयुरीनं पत्र वाचलं. म्हणते, “बाबा, खरं तेच सांगा. माह्यं गाडी चालवणं ज्याइले चालत नाही, त्याइच्या घरी मी काऊन जाऊ?” वरची ता. क. खोडली समजा. स्थळ मोडलं तर मोडू द्या. त्यांना चालत असेल, तर रविवारी फाट्यावर उतरायला सांगा. न्यायला मयुरीच येईल. मी मागं बसेन, पुढची जागा त्यांची.