वॅगटेलचा पातळ पत्रा

हेबर्न, ९ मे १९२०

प्रिय इसोबेल,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरली असशील. घरी सगळं ठीक आहे. मंगळवारी ब्लाइथला जाऊन आलो. तुझ्या रॅल्फची जुनी युद्धनौका 'वॅगटेल' तिथे भंगारात मोडायला आणली आहे.

तिचा आराखडा आमच्या गोदीच्या कचेरीत झाला, तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. टॉर्पेडो टाकणाऱ्या छोट्या बोटींना पळवून लावण्यासाठी आरमाराला वेगवान विनाशिका हव्या होत्या. करारात तीस नॉटचा वेग लिहिलेला. बॉयलर, इंजिनं हलकी करता येईनात. राहिला तो पत्रा. डेकचा पत्रा मी तीनदा पातळ केला. शेवटी दोन पेनी एकावर एक ठेवाव्यात, तेवढाच उरला. मी कुरकुरलो, तर आमचे साहेब ऑर्म्स्टन म्हणाले, "हेस्लप, तिला शर्यत जिंकायची आहे, म्हातारं व्हायचं नाही." मी तोच पत्रा आखून दिला. चाचणीच्या दिवशी समुद्र शांत होता, कोळसा निवडून घेतलेला. तीस नॉट गाठले आणि आम्ही सगळे बिअर प्यायलो. तशाच आणखी दोन बांधल्या.

पाच वर्षांनी दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याची अशीच विनाशिका साध्याशा वादळात मधोमध मोडली. माणसं गेली. मग आमच्या तिघींच्या डेकवर मजबुतीसाठी लांब पोलादी पट्ट्या ठोकायचा हुकूम आला. त्या पट्ट्याही मीच आखल्या. त्यांच्या वजनाने वेग सव्वीसवर आला, कुणी तक्रार केली नाही. पण तेवढ्या पट्ट्या पुरतील का? मी किती वेळा गणित केलं, दोनदा तेच उत्तर कधी आलं नाही. त्यानंतर काही वर्षांनी तू रॅल्फला चहाला घेऊन आलीस. त्याची नेमणूक 'वॅगटेल'च्या इंजिनघरात झाली होती.

युद्धात चार हिवाळे ती कोळशाच्या जहाजांना सोबत करत राहिली. तसल्या खवळलेल्या समुद्रासाठी तिला बांधलंच नव्हतं. आई तुझी पत्रं मोठ्याने वाचायची, मी वर्तमानपत्राआड ऐकायचो. 'पुढच्या डेकवर गेलं की आंघोळ सरकारी खर्चाने होते,' असं रॅल्फ म्हणाल्याचं तू लिहिलंस, तेव्हा आई हसली. मी उठून परसात गेलो.

मंगळवारी मी त्या पट्ट्यांवरून हात फिरवत टोकापर्यंत गेलो. कुठे तडा नाही. पत्रे जोडणारा एक रिव्हेट ढिला नाही. मुकादम म्हणाला, "आजोबा, तुम्हीच आखलीत ना ही? जरा कच्ची ठेवायची होती. तीन दिवस झाले, आमचा घाम काढलाय हिने." मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

इसोबेल, तुझ्या लग्नाला मी आलो नाही. तेलकट हातांचा जावई नको, असं म्हणालो, ते खोटं होतं. मुलगा मला पहिल्याच दिवशी आवडला होता. पण मी आखलेल्या जहाजावर तो जाणार होता, आणि त्या जहाजाचा मला भरवसा नाही, हे तुला सांगितलं असतं तर तू एकही रात्र झोपली नसतीस. त्यापेक्षा तुझा राग बरा वाटला. काल आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "अकरा वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्यांचं आता काय करू?" रॅल्फ घरी सुखरूप आहे. त्याची माफी मला समोर बसून मागायची आहे. तुम्ही दोघं हो म्हणालात, तर येत्या रविवारी आम्ही तुमच्या घरी हार्विचला येतो.

तुझाच,
बाबा