नावोना चौकातलं गाऱ्हाणं

८ जून, रोम

पोचलो एकदाचे. पाय टम्म सुजलेत.

उन्मेष विमानतळावर आला होता – एकटाच. ऋजुता घरी स्वयंपाक करतेय म्हणाला. दादाला तेवढंच पुरलं, गाडीत बसेपर्यंत सुनेचं कौतुक! आंबा संपला आणि कलमांना खत घालायला अजून वेळ आहे, म्हणून तीन आठवडे काढलेत त्याने. नाहीतर हा माझा भाऊ पोराकडे काय, देवरूखलासुद्धा मुक्कामाला जात नाही. आनंदीवहिनी विमानात रामरक्षा म्हणून म्हणून दमली, जेवता जेवताच पेंगायला लागली.

ओवी सात वर्षांची झाली. मला 'आत्याआजी' म्हणते. मला तिच्याच खोलीत झोपायला दिलंय.

९ जून

काहीतरी आहे.

वहिनीच्या साड्या ठेवायला ऋजुताचं कपाट उघडलं. आत नुसते हँगर! ही पोरगी कपडे बॅगेतून काढते, घालते, धुऊन परत बॅगेत ठेवते. दात घासायचा ब्रशसुद्धा प्रवासाच्या पिशवीत – स्वतःच्या घरात! खेडला आणि देवरूखला मिळून एकतीस वर्षं मास्तरीण होते. दप्तर कोण लपवतंय ते मला वर्गात शिरतानाच कळायचं.

विचारणार नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.

१० जून

विचारलं नाही तरी सांगितलंन.

सकाळी उन्मेष दूध आणायला मला खाली घेऊन गेला. पावाच्या दुकानासमोर थांबला आणि बोलायला लागला. जानेवारीपासून वेगळे राहतात. कोर्टाचे कागदही झाले. ऋजुताला ॲमस्टरडॅमला नोकरी लागलीय, ऑगस्टमध्ये ओवीला घेऊन जाणार. हे तीन आठवडे ती इथे राहायला आलीय ते फक्त आमच्यासाठी. आईबाबांची ट्रिप तरी चांगली होऊ दे म्हणून!

"आत्या, तू सांग ना बाबांना. तुझं ऐकतात ते."

म्हटलं, बाप तुझा, संसार तुझा, मी कोण सांगणार? तर रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, भर रस्त्यात. येणारेजाणारे बघत होते. 'बघते' म्हणाले. चुकलंच. मी 'बघते' म्हटलं की उन्मेष लहानपणापासून 'हो' धरून चालतो.

भांडण कशावरून, ते काही सांगेना. कशावरूनच नाही म्हणाला. भांडण असतं तर मिटवलं तरी असतं.

११ जून

सांगितलं नाही.

१२ जून

आज नक्की सांगायचं म्हणून दादाजवळ जाऊन बसले. तोच म्हणाला, पोराचं बरं चाललंय बाय, मला आता कसला घोर नाय. सुपारी कातरून हातावर ठेवलीन. मी ती चघळत बसले.

एकतीस वर्षं पालकांना पोरं नापास झाल्याचं तोंडावर सांगितलं. कोणाची भीडभाड ठेवली नाही. आणि आता वाचा बसलीय! मला नवरा नाही, पोर नाही, दादाच्या घरात राहते. त्या घराचं वाईट माझ्या तोंडून का?

१४ जून

आज नावोना चौक. लांबलचक आहे, पूर्वी तिथे शर्यती व्हायच्या म्हणे. चित्रं काढणारे, फुगेवाले, गोऱ्यांची ही गर्दी! तीन कारंजी. पुतळे सगळे उघडेनागडे, वहिनी मान खाली घालूनच चालत होती. ओवीचा एक हात ऋजुताकडे, एक उन्मेषकडे. दोघं तिला मधोमध उचलून झुलवत होती. दादाने फोटो काढला. मी त्या फोटोत नाही ते बरं.

मधलं कारंजं सगळ्यात मोठं. खडकावर चार कोपऱ्यांत चार पुरुष बसलेत, सगळीकडून पाणी कोसळतंय. उन्मेष वाचून सांगत होता – ह्या जगातल्या चार नद्या. ही नाईल, ही अमुक, आणि हातात वल्हं घेतलेली ही गंगा.

"गंगा?" वहिनीने मान वर केली. "अगोबाई, हिला दाढी!"

आम्ही सगळे हसलो. ऋजुतासुद्धा. दादा मात्र हसला नाही, पायातले बूट काढायला लागला. उन्मेष म्हणाला, बाबा, फरशी तापलीय. दादा म्हणाला, गंगा ती गंगा, दाढी असूदे नायतर मिशी, हिच्यापुढे आलोय तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय जायचं नाय.

मला कळलं आता काय होणार. वाडीतलं गाऱ्हाणं एकवीस वर्षं दादाच घालतो – तो सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणार, आम्ही मागे उभं राहून प्रत्येक मागण्याला 'होय महाराजा' म्हणणार. ओवीला पाणी प्यायचंय का, वहिनी तुला चक्कर येतेय का, सगळं विचारून बघितलं. कोणाला काही नको होतं!

कठड्याशी सुपारी ठेवून दादाने हात जोडले. ओळीने आम्हालाही उभं केलंन. आणि आवाज लावला, असा, की चित्रं काढणारा मान वळवून बघायला लागला.

"बा गंगामाय महाराजा, तू इकडं कशी आलीस ते तुलाच ठाव. आज ही तुझी लेकरं हात जोडून उभी हायत. त्यांची काय चूकभूल झाली असेल ती पोटात घाल, महाराजा!"

"होय महाराजा!"

"माझ्या उन्मेषचा नि ऋजुताचा संसार आज जसा हाय तसाच एका छपराखाली ठेव, महाराजा!"

"होय महाराजा!"

"येत्या चतुर्थीला तिघांचे पाय एकदम माझ्या उंबऱ्यात लागूदे, महाराजा!"

"होय महाराजा!"

मीही म्हणाले. तिन्ही वेळा. साठ वर्षांची सवय – गाऱ्हाण्याचा हेल कानावर आला की माझं तोंड आपोआप उघडतं. पहिल्यांदा सवयीने गेलं, खरं आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा मला माहीत होतं मी कशाला होय म्हणतेय. गप्प राहिले असते तर दादाने वळून बघितलं असतं. तेवढ्याला भ्याले.

उन्मेषही म्हणाला. ऋजुता नाही. ती खाली वाकून ओवीच्या बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती.

आमच्याकडे मनात नसेल तर होय म्हणायचं नाही, असा नियमच आहे. विहिरीच्या तंट्याच्या वेळी रावजीकाका भर चतुर्थीत तोंड मिटून उभे राहिले होते. अख्ख्या वाडीने बघितलं, पण त्यांना कोणी वाईट म्हटलं नाही.

१५ जून

ओवी घरभर 'होय महाराजा' ओरडत फिरतेय. दादा तिला काहीबाही मागायला लावतो, आइस्क्रीम दे महाराजा, नि दोघं हसतात.

ऋजुता भांडी घासत होती, मी पुसत होते. नळाचं पाणी मोठं केलंन आणि म्हणाली, "आत्या, तुम्हाला ठाऊक आहे ना? तीन आठवडे नाटक करेन मी. पण तिथे होय म्हणायला जीभच वळली नाही हो."

मी ताटली पुसत राहिले. बिचारीची नोकरी, घर, भाषा, सगळं नवीन. तिच्यावर रागवावं म्हटलं तर कारण सापडेना.

२९ जून, रत्नागिरी

आलो. निघताना दादा सुनेला म्हणाला, चतुर्थीला भेटूच. ती पाया पडली. वर बघेना.

१८ जुलै

दादाने मागच्या पडवीत नवीन बाथरूम काढलंय! ओवीला आपल्या संडासात बसता येत नाही म्हणून. नितेश गवंडी भर पावसात ताडपत्री बांधून काम करतोय. फरशी निळी. दादाने स्वतः दुकानात जाऊन आणली.

आज धीर केला. म्हटलं, दादा, येतीलच असं धरून चालू नको, त्यांच्या अडचणी असतात. तर म्हणतो कसा –

"गाऱ्हाणं घातलंय ना? तू होय म्हणालीस ना? मग?"

वर वहिनी म्हणाली, वन्सं, तुमचं आपलं नेहमीचं अपशकुनी बोलणं. मी आत येऊन तांदूळ निवडले.

५ ऑगस्ट

उन्मेषला फोन केला. झापलं. म्हटलं, तुझा बाप फरशा बसवतोय, तुला लाज आहे का? सांगतो म्हणाला. ऋजुता आणि ओवी गेल्या शनिवारी गेल्या. घर फार मोठं वाटतं म्हणाला. मग मलाच रडू आलं, झापणं राहिलं बाजूला.

१६ ऑगस्ट

अजून सांगितलेलं नाही. बाथरूम पूर्ण झालं. वहिनीने दाराला हळदकुंकू लावलंन.

२२ ऑगस्ट

सांगितलंन. दुपारी, फोनवर. दादा ओटीवर होता, मी दारात. तो नुसता हूं हूं करत होता. शेवटी म्हणाला, तू जेवतोस ना वेळेवर? एवढंच. पोराला एक शब्द बोलला नाही.

वहिनी आत जाऊन जी रडायला लागली, ती अजून उठलेली नाही.

मला वाटलं सुटले. जूनपासून पहिल्यांदा छाती हलकी झाली, खोटं कशाला लिहू! चहा करून दादाला नेऊन दिला. कप हातात घेतलान, पण प्याला नाही.

"उन्मेष बोलला, तुला आधीच सांगितलं होतं."

हो म्हटलं.

"गाऱ्हाण्याच्या आधी का नंतर?"

नंतर म्हणता आलं असतं. त्याला कोण पडताळायला जाणार होतं? पण नाही म्हणवलं.

"आधी," म्हटलं.

दादाने कप खाली ठेवला आणि बागेत गेला. दिवेलागणीपर्यंत आला नाही. आल्यावर हातपाय धुतलेन, जेवला. मी वाढलेलं जेवला. बोलला नाही.

३० ऑगस्ट

नाही बोलत. पुढे ठेवलं की घेतो. लागलं तर वहिनीकरवी विचारतो.

७ सप्टेंबर, चतुर्थी

उन्मेष आला, एकटाच. आरती झाल्यावर दादा गाऱ्हाण्याला उभा राहिला, आम्ही सगळे मागे हात जोडून. सुरू करायच्या आधी वळला. पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलला.

"बाय, तू होय म्हणू नको."

मग गाऱ्हाणं घातलंन. उन्मेष सगळ्यांत मोठ्याने होय म्हणत होता. मी नुसती उभी होते.